रक्तगट पाहून जेवायचं का? लॅबच्या खिडकीवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्तगटाचं कार्ड हातात दिलं की पूर्वी लोक ते पाकिटात सरकवून निघून जायचे. आता कार्ड घेऊन तिथेच उभे राहतात. "भाऊ, बी पॉझिटिव्ह निघालं. मग मी काय खायचं?" मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला चार्ट तयारच असतो. तीच उत्तरं रोज तोंडी देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

रक्तगटानुसार आहार म्हणजे नक्की काय सांगतात?

पीटर डी'अ‍ॅडमो नावाच्या अमेरिकन निसर्गोपचारतज्ज्ञाने 1996 साली एका पुस्तकातून हे मांडलं. त्याच्या वडिलांनीही याआधी असंच काहीसं सांगितलं होतं. मांडणी अशी: ओ गट सर्वांत जुना, शिकारी माणसांचा, त्यांनी मांस खावं, दूध-गहू टाळावं, दमछाक होईल असा व्यायाम करावा. ए गट शेती सुरू झाल्यावर आला. त्यांनी शाकाहारी राहावं, योगासनं करावीत. बी गट गुराढोरांमागे फिरणाऱ्यांचा, म्हणून त्यांना दूधदुभतं चालतं, पण कोंबडी, मका, मसूर, शेंगदाणे, तीळ नकोत. एबी सगळ्यात नवा, त्याला थोडं याचं, थोडं त्याचं.

ऐकायला गोष्ट छान आहे. चार गट, चार पूर्वज, चार ताटं.

यात तथ्य आहे का?

नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका पोषणविषयक वैद्यकीय नियतकालिकात तोवरच्या सगळ्या संशोधनाचा आढावा छापून आला. रक्तगटाप्रमाणे जेवल्याने तब्येतीला फायदा होतो, असा पुरावा त्यात सापडला नाही. 2014 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 1,455 जणांचं खाणं, वजन, रक्तदाब आणि रक्तातली चरबी तपासली. 'ए गटाचा आहार', म्हणजे भाजीपाला, फळं, धान्य जास्त आणि मांस कमी असं खाणाऱ्यांचं वजन आणि रक्तदाब खरंच बरा निघाला. गंमत पुढे आहे. तो फायदा ए गटाच्या लोकांना जेवढा झाला, तेवढाच ओ, बी आणि एबीवाल्यांनाही झाला. आहार चांगला होता. गटाचा त्याच्याशी संबंध नव्हता. 2021 मध्ये 16 आठवडे वनस्पतीजन्य आहार देऊन केलेल्या प्रयोगातही हेच दिसलं. वजन कुणाचं किती उतरलं, ते रक्तगटावर ठरलं नाही.

पण माझ्या मेहुण्याचं आठ किलो वजन उतरलं की!

उतरलं असेल. चार्टने त्यांची सकाळची कचोरी, दुपारचे वेफर्स आणि रात्रीची आलू-पुरी बंद केली असेल, चालायला लावलं असेल. हे चारही गटांना सांगितलं तरी वजन उतरतं. मेहुण्याला मुद्दाम चुकीच्या गटाचा चार्ट दिला असता तरी बहुधा तेच झालं असतं.

ओ गट सर्वांत जुना, हे तरी खरं ना?

तेही उलटंच आहे. आपल्या तांबड्या पेशींवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला एक प्रकारची साखर जोडली की ए, दुसऱ्या प्रकारची जोडली की बी. हे जोडण्याचं काम करणारा जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. त्यातलं एक अक्षर गळालं की जनुक निकामी होतो आणि टोकाला काहीच लागत नाही. बहुतेक लोकांमध्ये ओ गट असाच तयार होतो. म्हणजे ओ हा ए मध्ये बिघाड होऊन झालेला आहे. ए आणि बी हे भेद तर गिबन माकडांतही आहेत आणि ते माणसाच्या शेतीपेक्षा लाखो वर्षांनी जुने आहेत. नांगर धरायला कुणी नव्हतं, तेव्हाही ए गट होता.

लेक्टिनमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणतात, ते काय?

हा चार्टवाल्यांचा हुकमी मुद्दा आहे: बिया-कडधान्यांत लेक्टिन नावाची प्रथिनं असतात, आणि गटाला न चालणारं अन्न खाल्लं की ती रक्तपेशी एकमेकींना चिकटवतात. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रक्तगट कसा काढतात, ते आधी पाहा. काचेच्या पट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवतो. एकावर निळं रसायन टाकतो, दुसऱ्यावर पिवळं, तिसऱ्यावर बिनरंगी. निळं ए ओळखतं, पिवळं बी, बिनरंगी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. काडीने ढवळून पट्टी हलकेच हलवायची. जिथे गट जुळला, तिथे दूध नासल्यासारखं रक्त फुटतं आणि लाल दाणे-दाणे दिसतात. जिथे जुळला नाही, तिथे थेंब एकसारखा गुळगुळीत राहतो. पेशी अशा एकमेकींना चिकटण्याला आम्ही अ‍ॅग्लुटिनेशन म्हणतो.

आता काही बियांमधल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनांनीही रक्त असंच फुटतं. काही लेक्टिनं एखादाच गट ओळखतात हे 1940 च्या दशकातच लक्षात आलं होतं, आणि काही लेक्टिनं रक्तपेढीत तपासणीसाठीही वापरतात. इथपर्यंत सगळं खरं. घोटाळा पुढच्या उडीत आहे. काचेच्या पट्टीवर झालं म्हणजे पोटात आणि रक्तातही झालं, असं गृहीत धरलं जातं. आपण खातो त्या बहुतेक लेक्टिनांना रक्तगटाचं काही पडलेलं नसतं. शिवाय डाळी-कडधान्यं भिजवून रटरट शिजवली की लेक्टिनाचा जोर संपतो. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाऊन उलट्या-जुलाब होतात, ते लेक्टिनामुळेच. पण ते ए, बी, ओ, एबी सगळ्यांना सारखेच होतात.

आपल्याकडे उडदाची डाळ चुलीवर घोटेपर्यंत शिजते. आजीला लेक्टिन हा शब्द माहीत नव्हता, पण तिने डाळ कधी कच्ची ठेवली नाही.

हा चार्ट आमच्या घरी लावला तर ताटात काय उरेल?

मी एकदा हिशेब करून पाहिला. हिवाळ्यातलं भरीत घ्या. बामणोद-भालोदकडची ती हिरवी, पांढरट रेघांची मोठी वांगी. ती पऱ्हाटीच्या काड्यांवर काळी होईपर्यंत भाजायची, सालं काढायची, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात आणि तेलात परतलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.

ए गटाला वांगं वर्ज्य. बी गटाला शेंगदाणे वर्ज्य. ओ गटाला दोन्ही वर्ज्य. म्हणजे शेतात भरीत पार्टीला वीस माणसं जमली, तर बडगीजवळ बसून ज्याला निवांत जेवता येईल असा क्वचितच कुणी निघेल. शेवभाजी म्हटली की बेसन आलं, आणि बीला हरभरा नको. एला टोमॅटो नको.

शिवाय मूळ यादी अमेरिकेतल्या दुकानात मिळणाऱ्या मालाची आहे. टर्की, ब्रोकोली वगैरे. त्यात आपली दादर (रब्बीची ज्वारी), कळणा, अंबाडी, बिबड्या (ज्वारीचे पापड) कुठे बसवायच्या, ते मराठीत चार्ट उतरवणारा आपल्या मनाने ठरवतो. माझ्याकडे आलेल्या दोन चार्टमध्ये एकाने ओ गटाला ज्वारी 'उत्तम' लिहिलं होतं, दुसऱ्याने 'टाळा'. दोन्हींवर एकाच डॉक्टरचा फोटो.

ए गटाने केळी खाऊ नयेत, हे खरं का? आम्ही रावेरचे, घरच्याच बागा आहेत.

खा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही रक्तगट विचारून मिळालं नाही.

केळी कुणी जपून खावी, याचं उत्तर मात्र आहे, आणि ते वेगळ्याच रिपोर्टमध्ये असतं. किडनी कमजोर असेल आणि पोटॅशियम वाढत असेल, तर डॉक्टर केळी, नारळपाणी कमी करायला सांगतात. शुगर असेल तर एका वेळी डझनाचा फणा संपवायचा नाही. पिकलेल्यापेक्षा जरा कच्चटसर केळ्याने साखर हळू चढते. हे ओ गटालाही लागू आणि एबी गटालाही.

चार्ट पाळून बिघडतं काय? फायदा नाही, तोटाही नाही ना?

तोटा होतो. घरातलंच सांगतो.

माझी मोठी वहिनी ओ पॉझिटिव्ह. कुठल्याशा शिबिरात रक्तगट तपासून तिच्या हातात छापील कागद दिला: गहू बंद, दूध-दही बंद, शेंगदाणे बंद, मांस-मासे भरपूर. आमचं घर माळकरी. मांस शिजायचा प्रश्नच नाही. म्हणजे वहिनीने 'बंद'वालं सगळं पाळलं आणि 'भरपूर'वालं पाळता येईना. उरलं काय? भात, भगर, उकडलेल्या भाज्या आणि फळं. दोन-तीन महिन्यांनी जिना चढताना धाप लागायला लागली. मीच रक्त घेतलं. हिमोग्लोबिन साडेआठ, बी-12 तळाला. शाकाहारी माणसाला बी-12 मिळतं ते मुख्यतः दुधा-दह्यातून, आणि तेच बंद केलेलं. आधीपासून जरा कमीच असणार, चार्टने उरलंसुरलंही आटवलं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. वहिनीने तो कागद चुलीत घातला का, विचारलं तर म्हणते, "नाही, फडताळात खाली अंथरलाय."

गरोदर बाई, दूध पाजणारी आई, वाढतं मूल, शुगरच्या गोळ्या घेणारा माणूस, यांनी तर असला चार्ट हातातही धरू नये.

म्हणजे रक्तगटाचा आणि आजारांचा काहीच संबंध नाही?

आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. ओ सोडून बाकी गटांत रक्त गोठवणाऱ्या एका घटकाचं प्रमाण थोडं जास्त असतं. त्यामुळे शिरेत गुठळी होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका किंचित वाढतो. जठराचा कॅन्सर ए गटात थोडा जास्त आढळतो, हे 1950 च्या दशकापासून माहीत आहे. पोटातला अल्सर ओ मध्ये थोडा जास्त. कॉलरा ओ गटाला जोरात होतो, तर गंभीर मलेरियापासून ओ गटाला थोडं संरक्षण असतं.

पण 'थोडा' हा शब्द सोडू नका. ए गट असण्याने धोका वाढतो त्याच्या कितीतरी पट तो तंबाखूच्या पुडीने वाढतो. आणि या संबंधांतून ताट बदलावं असं काहीच निघत नाही. ओवाल्याने बिडी ओढली तर त्याला सूट नाही.

रक्तगटावरून स्वभाव कळतो का? व्यायाम निवडावा का?

स्वभावाचं खूळ जपानचं. 1927 मध्ये ताकेजी फुरुकावा नावाच्या प्राध्यापकाने ते मांडलं, आणि तिथे आजही लोक ओळख करून घेताना गट विचारतात. आपल्याकडे राशी विचारतात, तसंच. व्यायाम गुडघे, वजन आणि वेळ बघून निवडा. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला 'ए गट, म्हणून हलका व्यायाम करा' असं सांगणाऱ्याला एक दिवस वेचणीला न्यावं.

नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर मुलं अपंग होतात का? स्थळ पाहतोय.

नाही. गट सारखा असण्याने काहीही होत नाही. बायोडेटातला रक्तगट बघून चांगली स्थळं परत गेलेली मी पाहिली आहेत, वाईट वाटतं.

लक्ष द्यायचं ते एवढ्याला: मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर गर्भ पॉझिटिव्ह असू शकतो. पहिल्या बाळंतपणात सहसा त्रास होत नाही, पण आईच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली तर पुढच्या बाळाला धोका असतो. ती तयार होऊच नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन आहे. साधारण 28 व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत. गर्भपात झाला तरी विचारायचं. लग्न मोडायचं कारण नाही, डॉक्टरला पहिल्याच भेटीत 'मी निगेटिव्ह आहे' हे सांगायचं.

आणि स्थळ पाहताना खरंच रक्त तपासायचं असेल, तर पुढचा प्रश्न वाचा.

नंदुरबारकडे रक्ताची तपासणी करतात ती हीच का?

नाही, आणि इथे घोळ झाला तर महागात पडतो. "आमचं रक्त तपासलंय, बी पॉझिटिव्ह शे," असं सांगून लोक सिकल सेलची तपासणी टाळतात. रक्तगट वेगळा, सिकल सेल वेगळा. कुठल्याही गटाच्या माणसाला सिकल सेल असू शकतो.

सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागात भिल्ल, पावरा समाजात हा आजार बराच आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक बदल असतो. त्यामुळे तांबडी पेशी गोल न राहता विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक नसांत अडकते. सांधे, पाठ, पोट असह्य दुखतं, रक्त कमी पडतं, तिल्ली वाढते. हा बदल इकडे का टिकला? एकाच पालकाकडून तो आलेल्यांना, म्हणजे वाहकांना, गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. जंगलपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, म्हणून वाहक तगले.

पहिली तपासणी साधी आहे. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण ती वाहक कोण आणि रोगी कोण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते. 2023 मध्ये केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. सरकारी दवाखान्यात विचारा.

दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. स्थळ पाहताना विचारायचं ते हे.

आणि हो, या आजारात खाण्यापिण्याला खरंच महत्त्व आहे. पाणी भरपूर, उन्हाळ्यात तर घोटाघोटाने दिवसभर. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी वाकड्या होतात आणि दुखणं उठतं. थंडीत उघड्यावर झोपायचं नाही, ताप अंगावर काढायचा नाही. फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टर सांगतील तसं. 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करायच्या नाहीत. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं.

रक्तगट बदलतो का? लायसन्सवर ओ आहे, तुम्ही ए काढला.

बदलत नाही. बोन मॅरो बदललेला रुग्ण सोडला तर जन्मभर तोच. लायसन्सचा फॉर्म भरताना एजंटने विचारलं असेल, "कोणता गट?" आणि तुम्ही आठवेल तो सांगितला असेल. म्हणून रक्त चढवण्याआधी रक्तपेढी तुमच्या कार्डावर विश्वास ठेवत नाही. गट पुन्हा काढते आणि क्रॉस मॅचही करते, म्हणजे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त जुळवून पाहते.

फार क्वचित एक वेगळीच गोष्ट घडते. कार्डावर ओ, पण कुठल्याच ओ रक्ताशी जुळत नाही. तो बॉम्बे रक्तगट असू शकतो. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत तो शोधला. भारतात साधारण दहा हजारांत एक. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. त्याने काय खावं? जे घरात शिजलं असेल ते.

मग जेवण ठरवायला कोणता रिपोर्ट पाहू?

हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिपिड (रक्तातली चरबी). शाकाहारी असाल तर बी-12. आणि कमरेचा घेर, त्याला तर आमची गरजही नाही, शिंप्याची टेप पुरते.

हिमोग्लोबिन कमी असेल तर हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, वर लिंबू पिळून, आणि जेवणाला लागून चहा नको, तो लोह शोषू देत नाही. शुगर असेल तर भाकरी चांगली, पण चार नाही. दादरचीही नाही. ब्लडप्रेशर असेल तर खरं बोलायचं तर आपल्या खान्देशी ताटाचा दोष तिखटात नाही, मिठात आणि तेलात आहे: पापड, बिबड्या, लोणचं, आणि शेवभाजीवर बोटभर तरंगणारी तर्री. तर्री अर्धी काढा, तिखट राहू द्या. मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा, रक्तगट काहीही असो.

रक्तदानाला उपाशी यायचं का?

नाही! हा गैरसमज उपाशीपोटीच्या शुगर टेस्टमुळे पसरलाय. नीट जेवून, पाणी पिऊन या. वय 18 ते 65, वजन 45 किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान साडेबारा. पुरुषांना 90 दिवसांनी आणि बायकांना 120 दिवसांनी पुन्हा देता येतं. ओ निगेटिव्ह असाल तर नाव-नंबर रक्तपेढीत नोंदवून ठेवा, रात्री-अपरात्री तुमचीच आठवण येते. दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसा, हातावरची पट्टी चार तास राहू द्या, आणि त्या दिवशी शेतात पाइप उचलायला जाऊ नका. मागच्या खेपेला एकजण गेला होता, बांधावरच चक्कर येऊन बसला.